बाहेरची दुभाषी

वॉर्डच्या दारातच नर्सने मला थांबवलं आणि माझं ओळखपत्र बघायच्या आधी विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

इंग्लंडमध्ये, रेडिंगला, हा प्रश्न इतक्या सरळपणे सहसा कुणी विचारत नाही. मी म्हटलं, "पुण्याची. भारतातली."

"म्हणजे दक्षिण अमेरिकेशी तुमचा काही संबंध नाही?"

"नाही. मी स्पॅनिश शिकलेय, एवढंच."

"मग या आत," ती म्हणाली.

चालता चालता तिने सांगितलं की या पेशंटने आधीचे दोन दुभाषी परत पाठवले होते. पहिला फोनवर होता. फोनवरचा आवाज ऐकताच पेशंटने रिसीव्हर उशाशी ठेवून डोळे मिटले आणि झोपेचं सोंग घेतलं. दुसरी बाई प्रत्यक्ष आली, तर तो म्हणाला, मला इंग्लिश समजतं. त्याला तेव्हा जेमतेम वीसेक शब्द येत होते. मग एका रात्रपाळीच्या मदतनीसाने हातवारे करून त्याच्याकडून काढून घेतलं, की फोनवरचा माणूस त्याच्याच शहरातला वाटत होता आणि ती बाई त्याच्या चर्चमध्ये दिसायची. नर्सने दुभाषी पाठवणाऱ्या एजन्सीला कळवलं, आम्हाला बाहेरचं कुणी तरी द्या. एजन्सीकडे बाहेरची म्हणजे मी होते.

मी दुभाषी झाले ते ठरवून नाही. पुण्यात बी.कॉम. करताना संध्याकाळच्या वर्गाला जर्मनची जागा मिळाली नाही म्हणून स्पॅनिश घेतलं. पुढे एका कंपनीत मेक्सिकोतल्या ग्राहकांची बिलं आणि तक्रारी सांभाळायचे. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमागून इथे आले. पहिली काही वर्षं काम शोधण्यात गेली. नंतर लायब्ररीतल्या एका बाईंनी दुभाष्यांच्या कोर्सबद्दल सांगितलं. तेव्हापासून मी हॉस्पिटलं, कौन्सिलची ऑफिसं आणि शाळा यांच्यात फिरते. बहुतेक वेळा विषय गुडघे, शुगर नाही तर घरातली बुरशी हेच असतात.

या कामाचे नियम कडक आहेत. समोरचा म्हणेल तेच म्हणायचं, आपलं काही घालायचं नाही, बाहेर काही बोलायचं नाही. म्हणून इथे मी पेशंटचा देश सांगत नाही आणि ओळख पटेल असे बाकीचे तपशीलही बदलले आहेत.

तो चाळिशीचा होता. नाकाला ऑक्सिजनची नळी, आणि गालांची हाडं इतकी वर आलेली की मूळचा चेहरा कसा असेल याचा अंदाज लागत नव्हता. मी नमस्कार केला तसं त्याने मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "सेन्योरा, तुम्ही कुठल्या चर्चला जाता?"

"मी चर्चला जात नाही."

"इथे आमच्यापैकी कुणाला ओळखता?"

"कामाशिवाय कुणालाच नाही."

त्याने मान हलवली आणि माझ्यासाठी खुर्चीवरचा टॉवेल उचलून घेतला.

डॉक्टर आली. तिने सांगितलं की त्याचा न्यूमोनिया नेहमीचा नाही. शरीराची प्रतिकारशक्ती फार कमी झाली की होतो तसला आहे. ती कशाने कमी झाली हे शोधायला रक्ताच्या बऱ्याच तपासण्या करायच्या आहेत, त्यात एचआयव्हीचीही आहे, चालेल का. मी तसंच सांगितलं. त्याने नाकाची नळी सारखी केली. मग अगदी हळू म्हणाला, "डॉक्टर, मला 'बिचो' झालाय का?"

बिचो म्हणजे किडा. साध्या सर्दीतापालाही कुणी कुणी तो शब्द वापरतात. दुभाष्याला शब्दाचा अर्थ नक्की कळला नाही तर विचारायची मुभा असते. मी डॉक्टरला तसं सांगून त्याला विचारलं, "तुम्हाला नेमकं काय म्हणायचंय?" त्याने खिडकीकडे बघत एचआयव्हीची स्पॅनिश अक्षरं एकेक करून उच्चारली. त्याच्या देशात लोक त्या रोगाचं नाव घेत नाहीत, किडा म्हणतात. मी डॉक्टरकडे वळून म्हटलं, "मला एचआयव्ही झालाय का?"

दुभाषी नेहमी 'मी'च म्हणतो. 'तो म्हणतोय की' असं म्हणायचं नसतं. गुडघ्यांच्या बाबतीत याची सवय झाली होती. त्या वाक्याच्या वेळी मात्र मला माझा स्वतःचा आवाज ऐकू आला.

रिझल्ट आला त्या दिवशी मलाच बोलावलं. डॉक्टरबरोबर सेक्शुअल हेल्थ क्लिनिकची एक नर्स होती. पन्नाशीची, कार्डिफकडची, बोलण्यात वेल्श हेल. तिने पडदा न ओढता त्याला चाकाच्या खुर्चीत बसवून एका छोट्या बंद खोलीत नेलं. पडद्यातून आवाज जातो, म्हणाली. तिथे तिने सरळ सांगितलं. टेस्ट पॉझिटिव्ह आहे, उपचार आहेत, आजच सुरू करू.

त्याने रोगाबद्दल काहीच विचारलं नाही. आधी विचारलं, मला परत पाठवतील का. मग, घरी कळेल का. मग, कामावर जाता येईल का.

"एचआयव्हीचे उपचार इथे सगळ्यांना मोफत आहेत, कागदपत्रं कुठलीही असोत," नर्स म्हणाली. "कामावर कळवायची गरज नाही. घरी कळवायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं." मग ती गोळ्यांकडे वळली. रोज गोळी घेतली की काही महिन्यांत रक्तातला व्हायरस इतका कमी होतो की तो मोजताही येत नाही, आणि मग शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला जातच नाही.

तो मला म्हणाला, "परत सांगायला सांगा."

मी नर्सला तसं सांगितलं. तिने पुन्हा सांगितलं, मी पुन्हा सांगितलं. मग तो रडला. नर्सने टिश्यूचा खोका पुढे सरकवला आणि काही न बोलता थांबली. मीही थांबले. पेशंट रडत असेल तेव्हा काय करायचं हे आमच्या कोर्समध्ये सांगितलं होतं. काहीच करायचं नाही.

पुढच्या भेटींमध्ये त्याचं बाकीचं आयुष्य थोडं थोडं कळत गेलं. तो आपल्या डोंगरातल्या शहरातून आधी स्पेनला गेला होता. तिथे बरीच वर्षं बांधकामावर होता, आणि तिथलं काम आटलं तसा इथे आला. मोटरवेच्या कडेला ऑफिसं आहेत, माझा नवरा जातो तसलीच. ती साफ करायचा. पहाटे लोक यायच्या आधी आणि संध्याकाळी ते गेल्यावर. मधल्या वेळात झोप. क्लिनिक उघडं असतं ते नेमकं याच मधल्या वेळात. एका मोठ्या घरात त्याची खोली होती. घरमालकीण त्याच्याच शहरातली, प्रार्थनामंडळ चालवणारी. तिच्या ओळखीने त्याला खोली मिळाली होती, आणि कामसुद्धा.

खोकला सुरू झाला, वजन उतरायला लागलं, तेव्हा तीच त्याला जीपीकडे, म्हणजे भागातल्या नेहमीच्या डॉक्टरकडे, घेऊन गेली. त्याच्या वतीने बोलायलाही तीच होती.

"डॉक्टरांनी चांगले प्रश्न विचारले," तो नर्सला म्हणाला. "मला थोडे कळत होते. त्यांनी विचारलं, लैंगिक आजारांची तपासणी कधी केली होती का. तिने मला विचारलंच नाही. परस्पर सांगून टाकलं, नाही नाही, हा सभ्य माणूस आहे, दर आठवड्याला प्रार्थनेला असतो."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मी मान हलवली. काय करणार? ती शेजारी बसली होती." मग तो म्हणाला, "ती वाईट बाई नाही. मला श्वास लागला तेव्हा अँब्युलन्स तिनेच बोलावली."

मला ती वॉर्डमध्येच भेटली. मी निघत होते आणि ती फ्लास्कमधून सूप घेऊन येत होती. ठेंगणी, केस घट्ट बांधलेले, अंगावर चांगला कोट. मी त्याच्याशी स्पॅनिश बोलताना तिने ऐकलं असावं. लिफ्टपाशी माझा दंड धरून म्हणाली, "सेन्योरा, नक्की काय झालंय त्याला? मला सांगा. मी त्याच्या आईसारखी आहे."

"मला सांगता येत नाही. तुम्ही त्यांनाच विचारा."

"न्यूमोनिया म्हणतो."

"त्यांनाच विचारा," मी पुन्हा म्हटलं.

तिने माझा दंड सोडला. तिला माझा राग आला असेल, पण तिने तो दाखवला नाही. सूप सांडू नये म्हणून फ्लास्क दोन्ही हातांनी धरून ती वॉर्डकडे गेली.

पेशंट घरी गेल्यावर प्रश्न आला त्याच्या मित्राचा. मित्र साउथहॅम्प्टनला एका हॉटेलच्या किचनमध्ये होता. बायको-मुलं मायदेशी. महिन्यातून एखादा रविवार दोघं एकत्र काढायचे. नर्सने सांगितलं, त्याची टेस्ट व्हायला हवी. तुम्ही सांगू शकता, किंवा तुमचं नाव न घेता आम्ही कळवू. तो म्हणाला, मीच सांगतो. त्याने सांगितलं आणि मित्राने फोन बंद केला. पुढच्या भेटीला तो म्हणाला, "त्याचं म्हणणं, मी तसा नाही, मला टेस्टची गरज नाही."

बऱ्याच आठवड्यांनी मित्र आला. साउथहॅम्प्टनला नव्हे, रेडिंगला, कारण तिकडच्या हॉस्पिटलमध्ये त्याची चुलतबहीण साफसफाईचं काम करायची. दुभाषी म्हणून ती इंडियन बाई असेल तरच येतो, असं त्याने आधी कळवलं होतं.

उंच, नीटनेटका माणूस. हातावर भाजल्याचे जुने डाग. नर्सने नेहमीचे प्रश्न सुरू केले. तुमचे संबंध पुरुषांशी, स्त्रियांशी, की दोघांशी? मी विचारलं. तो भिंतीवरच्या हात धुण्याच्या पोस्टरकडे बघत राहिला.

"माझं लग्न झालंय."

"बरं," नर्स म्हणाली. "हा प्रश्न मी इथे येणाऱ्या प्रत्येकाला विचारते. तुमच्यावर शिक्का मारायला नाही, कुठली टेस्ट करायची ते कळायला."

 मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "दोघांशी." मी इंग्लिशमध्ये तेच म्हटलं आणि नर्सने ते टाइप केलं.

बोट टोचून केलेली टेस्ट निगेटिव्ह आली. तिने समजावलं की एवढ्यावर भागत नाही, काही आठवड्यांनी परत करायची, आणि शिरेतलं रक्तही आज लॅबला जाईल. मग तिने दुसऱ्या गोळीबद्दल सांगितलं. ज्यांना लागण झालेली नाही त्यांनी ती आधीपासून घ्यायची, म्हणजे लागण होत नाही. इथे मोफत मिळते. अशी गोळी असते हे त्याने कधी ऐकलंच नव्हतं. किचनमधली पोरं असल्या गोष्टी बोलतात ती इंग्लिशमध्ये, म्हणाला, आणि हसण्यावारी नेतात.

"ही गोळी घेतली म्हणजे मी तसा ठरतो का?"

"ज्याला लागते त्याला आम्ही देतो," नर्स म्हणाली. "बाकी काही ठरत नाही."

"खोलीत आम्ही चौघं राहतो. डब्यावरचं गोळीचं नाव कुणी वाचलं तर?"

तिने त्यावर थोडा विचार केला. मग म्हणाली, सुरुवातीला रूममेट बघणार नाहीत अशा ठिकाणी ठेवा, तुमच्या कामाच्या बॅगेत, कोरड्या जागी. तिने दिलेला डबा त्याने जॅकेटच्या आतल्या खिशात घातला आणि चेन लावली. पुढे तो परत आला की नाही, मला माहीत नाही. त्याच्यासाठी मला पुन्हा बोलावणं आलं नाही, इतकंच सांगता येईल.

त्या उन्हाळ्यात क्लिनिकच्या नर्सने मला वेगळ्या कामासाठी मागून घेतलं. शहराबाहेर एका मैदानावर रविवारी दक्षिण अमेरिकेतल्या लोकांचे फुटबॉलचे सामने चालतात. बायका-मुलं येतात, खाण्याचे स्टॉल लागतात, मोठ्याने गाणी चालू असतात. तिथे टेबल मांडून एचआयव्हीची टेस्ट करायची होती. पत्रकं स्पॅनिशमध्ये होती. त्यांच्यावर एकमेकांच्या खांद्यावर हात टाकलेल्या दोन तरुणांचा मोठा फोटो होता.

सकाळभर कुणीही आलं नाही. लोक टेबल दिसलं की वळसा घालून जायचे. एक माणूस फुकटचं पेन घ्यायला आला आणि पत्रक उलटं ठेवून गेला. नर्स दोनदा चहा प्यायली.

दुपारी घरमालकीण आली. तिचा खाण्याचा स्टॉल समोरच होता. तिने मला ओळखलं, पण ओळख दाखवली नाही. नर्सकडे बघून म्हणाली, "सेन्योरांना सांगा, तुम्ही चांगल्या मनाने आलात. पण आमच्यात हे नसतं. आम्ही कुटुंबवाली माणसं आहोत."

मी सांगितलं. नर्सने वाद घातला नाही. विचारलं, "तुमचं बीपी शेवटचं कधी बघितलं होतं?"

बाईला आठवेना. नर्सने गाडीतल्या बॅगेतून बीपीचं मशीन आणलं. बीपी बरंच जास्त निघालं. बाई घाबरली, खुर्चीत बसूनच राहिली. ती बसलीय हे बघून स्टॉलवरच्या दुसऱ्या बायका आल्या, मग त्यांचे नवरे. संध्याकाळपर्यंत आम्ही फक्त बीपी बघत होतो.

पुढच्या वेळी नर्सने ते फोटोचं पत्रक आणलंच नाही. टेबलावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, आरोग्य तपासणी. आलेल्या प्रत्येकाला, तरुण असो की आजोबा, ती तेच विचारायची. बीपी, शुगर, एचआयव्ही, तिन्ही बघू का? काही जण तिसऱ्याला नाही म्हणायचे. बरेच जण हो म्हणायचे. सगळ्यांना विचारतात म्हटल्यावर त्यात लाज वाटण्यासारखं राहत नव्हतं. ज्याला जास्त बोलायचं असेल त्याच्यासाठी एक छोटा तंबू मागे लावला होता.

घरमालकीण पहिल्या काही जणांत आली. "बोट एकदाच टोचायचं ना?" तिने विचारलं.

"एकदाच," मी सांगितलं.

"मग रक्तातलं दोन्ही बघा."

रिझल्टची वाट बघताना ती नर्सशी बोलत बसली. म्हणाली, "माझ्या घरी एक मुलगा होता. न्यूमोनियाने मरता मरता वाचला. किती महिने खोकत होता. त्याला आधीच कुणी नीट तपासायला हवं होतं. मी डॉक्टरकडे घेऊन गेले होते, पण काही उपयोग झाला नाही."

मी हे इंग्लिशमध्ये सांगितलं, शब्दाला शब्द. नर्स म्हणाली, "तुम्ही त्याला घेऊन गेलात ते चांगलं केलंत. पुढच्या वेळी दवाखान्यात सांगा की दुभाषी हवाय. पैसे पडत नाहीत. मग तुम्हाला बाहेर निवांत बसता येईल." नर्सने माझ्याकडे बघितलं नाही, मीही तिच्याकडे बघितलं नाही. बाई म्हणाली, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मग तिने आपल्या मंडळातल्या बायकांना हाका मारायला सुरुवात केली.

हे सगळं घरी सांगता येत नाही. नवऱ्याला एवढंच माहीत होतं की मी रविवारी कुठल्याशा आरोग्य शिबिराला जाते. पण आमच्या मराठी मंडळाचंही वर्षातून एकदा असंच शिबिर होतं. त्याच्या मीटिंगमध्ये मी सुचवलं की शुगरबरोबर एचआयव्हीचंही ठेवूया, क्लिनिकवाले येतील. 

"वहिनी, आपल्यात कशाला ते?" आमचे एक ज्येष्ठ सभासद म्हणाले. "विषय वाईट नाही. पण लोक येणार नाहीत. सगळे आयटीतले, सेटल्ड."

"काका, सगळ्यांना विचारलं तर येतात."

"बघू पुढच्या वर्षी."

गाडीत नवरा म्हणाला, "काकांचं अगदीच चूक नाही. लोक खरंच येणार नाहीत."

"तू येशील?"

त्याने इंडिकेटर दिला, वळण घेतलं. "मला कशाला?" म्हणाला, आणि मग स्वतःच थोडा हसला. "बरं, ठेवलंत तर येईन."

अजून ठेवलेलं नाही. पण मंडळातल्या एका डॉक्टर मैत्रिणीने यंदाच्या शिबिरात भाषणाच्या शेवटी टेस्ट कुठे मिळते ते सांगितलं. हॉलमध्ये कुणी प्रश्न विचारला नाही. नंतर पार्किंगमध्ये एकाने तिला क्लिनिकच्या वेळा विचारल्या, मित्रासाठी म्हणून. तिने सांगितल्या.

पहिला पेशंट मला मध्ये मध्ये क्लिनिकमध्ये भेटत राहिला. त्याचं वजन भरलं, तेव्हा कळलं की चेहरा मूळचा गोल आहे. व्हायरस मोजता येत नाही इतका कमी झाला. त्या दिवशी नर्सने स्क्रीन त्याच्याकडे वळवून दाखवली. तो दुसरीकडे राहायला गेला होता, एकट्याच्या खोलीत. घरमालकिणीला त्याने काही सांगितलेलं नाही. रविवारी मात्र तिच्याकडे जेवायला जातो. ती त्याला बीपीच्या गोळ्यांबद्दल विचारते आणि तो तिला वेळेवर घ्यायला सांगतो. कधी सांगावंसं वाटतं का, असं नर्सने विचारलं. तो म्हणाला, वाटतं, पण तिला सांगणं म्हणजे चाळीस घरांना सांगणं. मित्राचा विषय त्याने काढला नाही, आणि नर्सनेही विचारलं नाही.

संध्याकाळचं काम सोडून तो कॉलेजच्या इंग्लिशच्या वर्गाला जायला लागला होता. मागच्या भेटीला नर्सने माझ्यामार्फत काही विचारलं, तर माझं बोलून व्हायच्या आधीच त्याने इंग्लिशमध्ये उत्तर दिलं. वाक्य मोडकं होतं, पण बरोबर होतं. पुढची तारीख घेताना तो तिला इंग्लिशमध्येच म्हणाला की पुढच्या वेळी दुभाषी नको, मी प्रयत्न करतो. मग माझ्याकडे वळून स्पॅनिशमध्ये म्हणाला, "सेन्योरा, रागावू नका."

"रागवायचं काय त्यात?" मी म्हटलं.

नर्सने माझ्या फोनवर एजन्सीच्या फॉर्मला सही केली आणि मी बॅग उचलली. बाराला वरच्या मजल्यावर एका आजींच्या गुडघ्याची अपॉइंटमेंट होती. जिन्यात त्याने माझ्यासाठी दार धरलं, आणि तो खाली गेला, मी वर.